चारशे अठरा पानांच्या माथ्यावर

दिल्लीतल्या एका सरकारी समितीच्या कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर, कौसल्या रामटेके नावाच्या बाई बसत. हुद्दा खासगी सचिव, वय एकोणसाठ वर्षं अकरा महिने, उंची बेताची, चष्मा जाड. टायपिंगचा झपाटा असा की त्या सुरू झाल्या की शेजारच्या टेबलावरचा चहा कपातल्या कपात थरथरायचा. पण कार्यालयात त्यांची खरी ख्याती होती ती एका बटनासाठी.

सरकारी अहवालाचं प्रत्येक पान माथ्यावर काही ना काही मिरवत असतं. डावीकडे फायलीचा क्रमांक, मधोमध प्रकरणाचं नाव, उजवीकडे हे पान कितवं आणि एकूण किती. त्याला हेडर म्हणतात आणि ते कुणीही वाचत नाही. नसलं तर मात्र सगळ्यांना दिसतं. अठरा प्रकरणं असली की अठरा वेळा हेडर बदलायचं आणि साहेबांनी एखादं प्रकरण पुढचं मागे केलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पूर्वी त्यात दोन माणसांचा अख्खा दिवस जायचा, आणि एवढं करून तिसऱ्या प्रकरणाच्या डोक्यावर सातव्याचं नाव निघायचंच. कौसल्याबाई कंट्रोल, ऑल्ट आणि एच अशी तीन बटनं एकदम दाबत. पडदा दोनदा लुकलुके आणि सगळी पानं आपापल्या टोप्या घालून रांगेत उभी. तीन बटनं असली तरी लोक त्याला एकवचनात ‘मॅडम का बटन’ म्हणत. दुसऱ्या विभागांतली माणसं पेनड्राइव्ह घेऊन यायची, गुळासारखं गोड बोलायची आणि दोन मिनिटांत काम उरकून जायची.

यात जादू काही नव्हती, मॅक्रो होता. मॅक्रो म्हणजे काय, तर आपण एकदा जे जे करतो ते संगणक लक्षात ठेवतो आणि नंतर सांगितलं की तस्संच करून दाखवतो. चौदा वर्षांपूर्वी एका रिकाम्या दुपारी बाईंनी मदतीची पानं वाचून वाचून तो शिकून घेतला होता. पहिल्या वेळी फायलीचा क्रमांक लिहिताना त्यांचा एक आकडा चुकला, तो त्यांनी खोडला आणि नीट लिहिला. संगणकानं तेही लक्षात ठेवलं. मग प्रत्येक कागदावर तो आधी चुकायचा, खोडायचा आणि नीट लिहायचा. बाईंना त्याचं भारी कौतुक वाटलं. आपली चूकसुद्धा इमानदारीनं करतो बिचारा, असं त्या घरी सांगत.

पुढे त्यांची मुलगी लुंबिनी इंजिनीअरिंगला गेली. एका फटक्यात सगळ्या प्रकरणांवरून फिरून येण्याची युक्ती तिनं आईला करून दिली. ‘आई, यार, चार ओळींचं काम आहे,’ असं म्हणून तिनं ते चार ओळींत केलंही. ती आता नोएडात एका कंपनीत होती. कोड झरझर लिहायची, पण मराठी आकडे पन्नासच्या पुढे गेले की तिची गाडी अडायची. आईचं वय एकोणसाठ म्हटल्यावर ती दर वेळी ‘म्हणजे फिफ्टी नाइन ना?’ अशी खात्री करून घेई.

कौसल्याबाई मूळच्या भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या. स्टेनोची परीक्षा पास होऊन चौतीस वर्षांपूर्वी त्या दिल्लीत आल्या तेव्हा त्यांना हिंदी यायचं ते रेडिओवरच्या बातम्यांचं. नवरा यशवंतराव टपाल खात्यात. दोघांनी हिंदूराव हॉस्पिटलच्या मागच्या उतारावर एका खोलीत संसार मांडला. खोली एवढी लहान की एकानं कणीक मळायला घेतली की दुसऱ्यानं पलंगावर पाय वर घेऊन बसायचं. तरी भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर पहिल्याच दिवशी लागली. खिळा ठोकायला वरवंटा घेतला होता, ही गोष्ट यशवंतराव पाहुण्यांना अजून सांगतात.

कार्यालयात मात्र ती तसबीर बाईंनी कधी नेली नाही, आणि तिची गोष्टही. लपवायचं असं ठरवलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात एका वयस्कर बाईंनी विचारलं, रामटेके म्हणजे काय? बाईंनी सांगितलं, विदर्भात रामटेक नावाचं गाव आहे. ‘राम का नाम है, अच्छा है,’ असं म्हणून त्या बाई खूश झाल्या आणि कौसल्याबाई हसल्या. ते हसणं चौतीस वर्षं टिकलं.

टिकायला कारणही घडलं होतं. तेव्हा सरकारी नोकरवर्गाच्या चार्टर्ड बस असायच्या. महिन्याचा पास काढायचा, रोज तेच प्रवासी, प्रत्येकाची सीट ठरलेली. कौसल्याबाईंच्या पुढच्या सीटवर दुसऱ्या विभागातली एक कारकून बसायची. कशावरून तरी ती कोणत्या समाजाची हे बसमध्ये कळलं. कुणी तिला वाकडा शब्द बोललं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून तिच्या शेजारची सीट रिकामी जाऊ लागली. लोक उभे राहत, पण तिथं बसत नसत. महिनाभरानं तिनं पास काढणं बंद केलं. कौसल्याबाईंनी ते पाहिलं. आपणही तिच्याजवळ जाऊन बसलो नाही, हे त्यांना नीट आठवत होतं. त्याची त्यांना लाज वाटायची, आणि ही लाज त्यांनी यशवंतरावांनासुद्धा सांगितली नव्हती.

म्हणून मग झाकली मूठ सव्वा लाखाची. कार्यालयात त्या ‘मराठी मॅडम’ झाल्या. दिल्लीत मराठी म्हटलं की समोरच्याला पानिपत आठवतं. इतिहासाचा दुसरा धडा कुणी वाचलेलाच नसतो. त्यातून त्यांच्या मागच्या टेबलावर सहा वर्षांपूर्वी नीरज कुमार नावाचा सहायक आला, तो नेमका पानिपतचा. मग काय, थट्टेला ऊतच आला. मॅडम, पीठ संभालिए, पीछे पानिपतवाला बैठा है, हा विनोद त्या मजल्यावर आठवड्यातून दोनदा तरी व्हायचा. तिशीतला, अबोल, कामाला चोख असा तो मुलगा नुसता हसायचा. वडील हातमागाच्या कारखान्यात कामाला होते, एवढं त्यानं सांगितलं होतं. याउपर बाईंनी विचारलं नाही आणि त्यानंही बाईंना काही विचारलं नाही.

घरचा कारभार अगदी वेगळा. यशवंतराव निवृत्त झाल्यापासून समता मंडळाचे सचिव होते. मंडळात विदर्भ-मराठवाड्यातून दिल्लीला नोकरीसाठी आलेली साठेक कुटुंबं. दर एप्रिलला जयंतीची स्मरणिका निघायची. तिच्यात अध्यक्षांचं मनोगत, मुलांच्या कविता, चार लेख आणि चाळीस जाहिराती. टायपिंग अर्थातच कौसल्याबाईंकडे. घरची टायपिस्ट, ना पगार ना ओव्हरटाइम. पण बाईंनी तिथंही हयगय केली नाही. घरच्या लॅपटॉपवर त्यांनी तोच मॅक्रो, तीच तीन बटनं ठेवली. फक्त हेडर निराळं. डावीकडे मंडळाचं नाव, मधोमध लेखाचं नाव, उजवीकडे ‘जय भीम’ आणि पानाचा आकडा. अक्षर बारीक, राखाडी रंगाचं, सुबक.

हे मॅक्रो ज्या फाइलमध्ये राहतात तिचं नाव ‘नॉर्मल’. घरीही नॉर्मल, कार्यालयातही नॉर्मल. संगणक बिघडला तर पंचाईत नको, म्हणून बाईंनी दोन्ही फाइल एकाच पेनड्राइव्हवर जपून ठेवल्या होत्या, एक ‘घर’ नावाच्या कप्प्यात आणि दुसरी ‘ऑफिस’ नावाच्या. चौतीस वर्षं जे दोन जगांत ठेवलं ते बोटभर पेनड्राइव्हवर शेजारी शेजारी होतं, आणि यात काही धोका आहे असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

मे महिन्यात दोन गोष्टी एकदम आल्या. एक म्हणजे कार्यालयात नवे संगणक. दुसरी म्हणजे देशातल्या धान्य-गोदामांच्या अवस्थेवरचा समितीचा अंतिम अहवाल, पानं चारशे अठरा, प्रकरणं एकवीस. हा बाईंचा शेवटचा अहवाल. एकतीस तारखेला त्या निवृत्त होणार होत्या. त्यांच्या सेवापुस्तिकेत चौतीस वर्षांत एकही मेमो नव्हता, साधी उशिरा येण्याबद्दलची समजही नव्हती. असंच कोरं करकरीत बाहेर पडायचं, एवढी एकच इच्छा त्यांनी धरली होती. अहवाल वेळेवर, सुबक आणि बिनचूक गेला की झालं.

नवा संगणक आला त्या सकाळी बाईंनी पेनड्राइव्ह लावला, नॉर्मल उचलली आणि जागेवर ठेवली. कुठल्या कप्प्यातली उचलली ते पाहिलं नाही. मागून कुणी तरी स्टेपलर मागत होतं, समोर फोन वाजत होता, आणि हात सवयीनं जिथं गेला तिथं गेला.

गुरुवारी दुपारी साडेतीनला शेवटच्या दुरुस्त्या आल्या. चार वाजता अहवाल अकरा सदस्यांना ई-मेलनं जायचा होता आणि छापलेली एक प्रत अध्यक्षांच्या घरी. बाईंनी कंट्रोल, ऑल्ट, एच दाबलं. पडदा दोनदा लुकलुकला. समोर मुखपृष्ठ होतं, आणि मुखपृष्ठावर हेडर येऊ नये अशी व्यवस्था त्यांनीच केलेली होती, त्यामुळे ते स्वच्छ कोरं. खाली पानांची संख्या बरोबर चारशे अठरा. बाईंनी ई-मेल पाठवला. नीरजनं छपाई केली, शिक्के मारले, प्रत बांधली आणि ड्रायव्हरच्या हाती दिली. बाईंनी त्या दिवशी कँटीनमधून सगळ्यांसाठी ब्रेड पकोडे मागवले.

शुक्रवारी सकाळी त्या अर्धा तास आधी आल्या. आपल्या शेवटच्या कामावरून एकदा मायेनं नजर फिरवावी, एवढाच हेतू. नीरजच्या टेबलावर कार्यालयाची प्रत होती. त्यांनी ती मधूनच उघडली. पान दोनशे सात. मधोमध प्रकरणाचं नाव, ‘उंदरांपासून संरक्षण’, अगदी बरोबर. डावीकडे पाहिलं तर समता मंडळ, दिल्ली, जयंती स्मरणिका. उजवीकडे जय भीम, दोनशे सात.

बाईंना आधी वाटलं की आपण घरचंच काही तरी उघडलं. मग त्यांनी पुढचं पान उलटलं. जय भीम, दोनशे आठ. त्याच्या पुढचं. जय भीम, दोनशे नऊ. संगणकानं इमानदारी सोडली नव्हती. एकाही पानावर तो विसरला नव्हता.

त्या खुर्चीत बसल्या. केंद्र सरकारच्या अहवालावर आपल्या मंडळाचं नाव, तेही चारशे सतरा पानांवर, तेही निवृत्तीला आठ दिवस असताना. मेमो तर नक्की. सरकारी कामात खासगी काम मिसळलं, असा. पण मेमोपेक्षाही त्यांना दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटली. हे कुणाचं हे शोधायला कुणा पोलिसाची गरज नव्हती. या मजल्यावर मराठी माणूस एकच होता.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. दहा वाजल्यापासून येणारा प्रत्येक माणूस आपल्याकडे रोखून बघतोय असं त्यांना वाटू लागलं. शिपाई पाणी ठेवून गेला, त्यानं जरा जास्तच वेळ पाहिलं. अकौंट्सवाली अक्षता नमस्ते म्हणाली, तिचा आवाज बदलल्यासारखा वाटला. त्यांनी ई-मेल उघडला. चार सदस्यांची उत्तरं आली होती. एकानं लिहिलं होतं की संपूर्ण अहवाल बारकाईनं वाचला, मांडणी उत्कृष्ट. दुसऱ्यानं उंदरांच्या प्रकरणाची विशेष स्तुती केली होती. हेडरबद्दल कुणाचंच अवाक्षर नाही.

म्हणजे अकरा विद्वानांपैकी निदान चौघांनी चारशे पानं वाचली आणि एकानंही डोकं वर करून पाहिलं नव्हतं. एरवी बाईंना याचा राग आला असता. चौदा वर्षं जीव ओतून केलेलं काम कुणी बघत नाही हे कुणाला आवडेल? पण आज त्यांना त्या चौघांच्या पाया पडावंसं वाटलं.

आता गुपचूप नवी प्रत पाठवली तर? कुणाला काही कळणार नव्हतं. बाईंनी तो विचार पाच मिनिटं केला. पण अध्यक्षांची छापलेली प्रत त्यांच्या घरी होती, ती परत मागवायची तर उपसचिवांची परवानगी लागणार आणि परवानगी मागायची तर कारण सांगावं लागणार. शिवाय खोटं कारण देण्याची त्यांना सवय नव्हती. गप्प राहण्याची होती, आणि ते वेगळं. त्यांनी पदर सावरला, पान दोनशे सात काढून हातात घेतलं आणि उपसचिवांच्या केबिनमध्ये गेल्या.

उपसचिव भानुमती मॅडम कोइंबतूरच्या, शिस्तीच्या, आणि हसण्याच्या बाबतीत काटकसरी. त्यांनी कागद घेतला, चष्मा वर केला आणि हे काय आहे असं विचारलं. पेनड्राइव्ह, नॉर्मल, घर आणि ऑफिस, सगळं सांगायला कौसल्याबाई आल्या होत्या. पण तोंडून आधी निघालं ते भलतंच.

“हमारे यहाँ का नमस्कार है, मैडम. मेरी गलती से लग गया.”

हमारे यहाँ. चौतीस वर्षांत हे दोन शब्द त्यांनी त्या इमारतीत पहिल्यांदा उच्चारले होते. आता खोलीत काय होतं याची वाट बघत त्या उभ्या राहिल्या. भानुमती मॅडमनी कागद नीट वाचला. प्रकरणाचं नाव बरोबर आहे का, विचारलं. आहे. पानाचा आकडा बरोबर आहे? आहे. एकूण मजकूर? त्यात काही नाही झालेलं.

“तो फिर फॉर्मॅटिंग की गलती है,” मॅडम म्हणाल्या. “फॉर्मॅटिंग की गलती पर मेमो नहीं निकलता. लंच तक ठीक कर दीजिए.”

एवढंच. मॅडमनी कागद परत दिला आणि त्या दुसऱ्या फायलीत शिरल्या. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांना रडू येत होतं आणि हसूही. इतकी वर्षं ज्या क्षणाला भ्यालो तो क्षण दीड मिनिटात संपला होता, आणि समोरच्या बाईंनी पुढची फाइलसुद्धा उघडली होती.

दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. ‘ऑफिस’च्या कप्प्यातली नॉर्मल जागेवर ठेवली, तीन बटनं दाबली, काम झालं. त्यानंतर बाईंनी चारशे सतरा पानं एक एक करून डोळ्यांनी तपासली, त्याला पावणेदोन तास लागले. दुधानं तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो. सदस्यांना नवी प्रत गेली. अध्यक्षांची प्रत ड्रायव्हर घेऊन आला, तर साहेबांनी ती रात्रीत वाचून काढलेली. पेन्सिलीनं बासष्ट स्वल्पविराम दुरुस्त केलेले. माथ्याकडे त्यांचंही लक्ष गेलेलं नव्हतं.

झालं, सुटलो, असं म्हणून बाईंनी चहा मागवला. पण मागच्या टेबलावर नीरज गप्प होता. तो नेहमीच गप्प असायचा, आजचं गप्प राहणं निराळं होतं. जुनी प्रत फाडायच्या यंत्रात घालायची होती, ती त्यानं मांडीवर धरून ठेवली होती. बाईंनी दोनदा सांगितलं तरी तो उठेना. शेवटी आजूबाजूची टेबलं जेवायला रिकामी झाली तेव्हा त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि खालच्या आवाजात विचारलं.

“मैडम, आपने हटा क्यों दिया?”

बाईंना समजेना. त्यानं मग हळूहळू सांगितलं. त्यानं काल छापतानाच पाहिलं होतं. मुखपृष्ठानंतरचं पहिलंच पान यंत्रातून बाहेर आलं आणि त्याची नजर माथ्यावर गेली. घरी त्याचे वडील सकाळी दार उघडताना पहिला शब्द तोच म्हणतात. नावापुढे कुमार एवढंच लिहायचं, हे त्याला वडिलांनीच शिकवलं होतं, दिल्लीत नोकरी लागली तेव्हा. सहा वर्षं तो बाईंच्या पाठीकडे बघत बसला होता, आणि बाई कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. काल कळलं. त्याला वाटलं, मॅडमनी जाता जाता मुद्दाम लिहिलंय. चारशे सतरा पानांवर, सरकारच्या कागदावर, कुणालाही न विचारता. त्यानं पानाच्या वरच्या पट्टीचा तेवढा फोटो काढून वडिलांना पाठवला होता. वडिलांनी रात्री फोन करून विचारलं, कोण आहेत रे या बाई, त्यांना माझा नमस्कार सांग.

“नीरज,” बाई म्हणाल्या, “वो गलती थी.”

तो ‘अच्छा’ म्हणाला. रागानं नाही, कुणाला दोष देऊन नाही, नुसतं अच्छा. उठला आणि प्रत यंत्रात घालू लागला. एका वेळी पाच पानं.

त्या एका शब्दानं बाईंना जे लागलं ते मेमोनं लागलं नसतं. संध्याकाळी घरी त्यांनी यशवंतरावांना आणि लुंबिनीला सगळं सांगितलं. बसमधल्या त्या कारकून बाईचीही गोष्ट सांगितली, तिच्या शेजारी न बसल्याची. लुंबिनी आधी हेडरवर पोट धरून हसली होती. ती आता आईला चिकटून बसली. यशवंतराव म्हणाले की दोन टेबलांत चार फुटांचं अंतर आणि सहा वर्षं दोघांची अळीमिळी गुपचिळी, हे तर स्मरणिकेत छापायला हवं. बाई म्हणाल्या, छापा, पण टाइप तुम्ही करा.

राहिलेल्या आठ दिवसांत बाईंनी नीरजला मॅक्रो शिकवला. त्यानं पहिला मॅक्रो केला त्यात त्याची टायपिंगची चूकही टिपली गेली, आणि संगणक ती दर वेळी करून दाखवू लागला. दोघं खूप हसले. तरी ते ‘अच्छा’ मधे होतंच. ते शिकवण्यानं जाणारं नव्हतं.

एकतीस तारखेला समितीच्या बैठकीच्या खोलीत निरोप समारंभ झाला. यशवंतराव इस्त्रीचा सदरा घालून आले होते, लुंबिनी नोएडाहून मेट्रोनं अर्धी रजा टाकून. समोसे, शाल, एक ट्रॉली बॅग. पन्नासेक माणसं. भानुमती मॅडमनी भाषण केलं, ते चार वाक्यांचं होतं आणि त्यात एक हसूही होतं. मॅडम का बटन आता पानिपतवाल्याच्या हाती गेलं, हा विनोद कुणी तरी केला आणि तो चांगला पिकला.

मग बाईंना बोलायला उभं केलं. त्यांनी हिंदीतून सगळ्यांचे आभार मानले. शिपायापासून अध्यक्षांपर्यंत कुणाचं नाव सोडलं नाही. मागच्या रांगेत नीरज भिंतीला टेकून उभा होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात जोडले.

“मेरे घर में बात ऐसे पूरी होती है,” त्या म्हणाल्या. “जय भीम. इस बार गलती से नहीं.”

बहुतेकांना काय करावं कळेना. समोसे हातात, माना अर्ध्या वळलेल्या. मग यशवंतरावांचा आवाज आला, मंडळाच्या सभेत येतो तसा, खणखणीत. लुंबिनीचा आला. नीरजचा आला, आणि तो इतका मोठा होता की इतकी वर्षं अबोल असलेल्या मुलाच्या छातीत एवढा आवाज होता याचं सगळ्यांनाच नवल वाटलं. तिघांची उत्तरं बाईंनी मनात धरली होती. पण आलेली उत्तरं चार होती. चौथा आवाज कुणा एका बाईचा होता. हळू, पण स्वच्छ, खिडकीच्या बाजूनं आलेला. बाईंनी वळून पाहिलं तर तिथं सात-आठ बायका उभ्या होत्या, सगळ्या ओळखीच्या, आणि सगळ्या टाळ्या वाजवू लागल्या होत्या.

घरी जाताना टॅक्सीत ट्रॉली बॅग मांडीवर आडवी घेऊन बाई बसल्या. मग म्हणाल्या की सोमवारी मी परत तिसऱ्या मजल्यावर जाणार आहे. यशवंतराव म्हणाले, अगं, आता तुझं ओळखपत्र जमा झालंय. दारावर पाहुण्यांची चिठ्ठी भरावी लागेल, आणि ‘कुणाला भेटायचंय’ त्या रकान्यात काय लिहिशील?

“चौथा आवाज, नाव माहीत नाही, असं लिहीन,” बाई म्हणाल्या. “चौतीस वर्षांत मी कधी विचारलंच नाही. तेच विचारायला जायचंय.”